एका साच्याची इंजिने आणि त्यांचे निरनिराळे आवाज

कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेला माणूस वसंत व्याख्यानमालेत उभा राहिला म्हणजे तो महागाई, बोनस किंवा फार तर गिरणी संपाचा इतिहास ह्यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून येतात. आम्ही जेट इंजिनांच्या आवाजावर बोलणार असे कळविले तेव्हा मालेच्या एका चालकांनी, "विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" अशी पृच्छा केली. चूक झालेली नव्हती. आमचे बालपण कुर्ल्याच्या एका चाळीत गेले. सांताक्रूझला उतरणारी विमाने आमच्या कौलांवरून जात. चाळीत एक गृहस्थ होते, जेट इंजिनांच्या दुरुस्ती-शॉपमध्ये फिटर. सारी चाळ त्यांना मामा म्हणे. संध्याकाळी ते गॅलरीत विडी ओढीत बसत आणि मान वर न करता सांगत, "ही कॉनवेवाली आली." थोड्या वेळाने, "ही प्रॅटवाली." आम्ही पोरे कठड्यावर लोंबकळून पाहत असू. दोन्ही विमाने बोइंग ७०७, दोन्ही एअर इंडियाची, दोन्हींचा रंग तोच. मामांना कशावरून कळते हे विचारले तर ते हसून कानाला हात लावीत.

एकदा मात्र ते आणखी एक गोष्ट बोलून गेले. "अरे, नमुना वेगळा असला तर आवाज वेगळा येणारच. पण एकाच नमुन्याची, एकाच ड्रॉइंगवरची दोन इंजिने चाचणीला लावली ना, तरी कान सांगतो की ही दोन आहेत, एक नाही." हे वाक्य आमच्या डोक्यात राहून गेले. पुढे नववीत शाळा सुटली, कारखान्यात लागलो, युनियनचे काम अंगावर आले. रात्री सार्वजनिक वाचनालयात जे हाती पडेल ते वाचीत गेलो आणि त्या वाचनात हा प्रश्न पुन:पुन्हा भेटत राहिला. त्या वाचनाचा हा हिशेब आहे.

प्रारंभ १९३७ सालापासून करावा लागतो. इंग्लंडातील रग्बी ह्या गावी ब्रिटिश टॉमसन-ह्यूस्टन कंपनीचा टर्बाइनांचा कारखाना होता. तेथे १२ एप्रिल रोजी फ्रँक व्हिटल ह्या विमानदलातील तरुण अधिकाऱ्याचे जेट इंजिन प्रथमच फिरले. (व्हिटल विमानदलात शिरला तो शिकाऊ उमेदवार म्हणून, त्याआधी उंची कमी भरली म्हणून त्याला परत पाठविण्यात आले होते. अशा माणसांविषयी आमच्या मनात थोडा पक्षपात आहे, हे कबूल करून पुढे जातो.) बाहेरच्या मोटरने चक्राला गती दिली, इंधन सोडले, ठिणगी पडली आणि इंजिन आपल्या बळावर फिरू लागले. व्हिटलने इंधनाचा कॉक बंद केला, तरी इंजिन थांबेना. उलट गती वाढतच गेली आणि गतीबरोबर आवाजाची पट्टी चढत गेली. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजू लागावा तशी किंकाळी वर वर जाऊ लागली. ती ऐकताच भोवतालचे कामगार पळाले. व्हिटल तेवढा जागच्या जागी खिळून राहिला. मागाहून असे आढळले की इंधन गळून ज्वलनपात्राच्या तळाशी साचले होते आणि कॉक बंद झाल्यावर इंजिन त्यावरच चालले होते.

ह्या पळालेल्या कामगारांची थट्टा करणारे लोक आम्हांस भेटले आहेत. आम्ही ती करणार नाही. रोज टर्बाइनांच्या सहवासात वावरणाऱ्या त्या माणसांना चढत्या सुराचा अर्थ ठाऊक होता. चक्राचे फेरे हाताबाहेर चालले, ही बातमी त्यांना कानाने दिली. चक्राच्या गतीवर सूर अवलंबून असतो, ही आपल्या विषयातली पहिली गोष्ट त्यांना कोणी शिकवावी लागली नाही.

आता इंजिन म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. पुढून हवा आत घ्यावयाची, फिरत्या पात्यांनी ती दाबावयाची, तिच्यात इंधन जाळावयाचे; तापलेली हवा मागे धावते, जाताजाता टर्बाइन फिरविते, आणि ते टर्बाइन पुढची पाती फिरविते. उरलेला जोर घेऊन झोत मागच्या तोंडातून बाहेर पडतो व विमान पुढे जाते. ह्यात आवाज करणारे मुख्यतः दोघे: फिरणारी पाती आणि बाहेर पडणारा झोत. पाती शीळ घालतात, झोत गर्जतो. जळण्याचा व टर्बाइनाचाही आवाज असतो, पण तूर्त तो बाजूला ठेवू. पहिल्या वीस वर्षांत झोताची गर्जना एवढी प्रचंड होती की विमान उडताना पात्यांची शीळ तिच्याखाली बुडून जाई.

ही गर्जना येते कोठून? झोताच्या वाटेत काही आपटत नाही, काही थरथरत नाही. हवाच हवेत शिरते. ह्याचे उत्तर मँचेस्टर विद्यापीठातील जेम्स लाइटहिल ह्या अठ्ठावीस वर्षांच्या गणितज्ञाने १९५२ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दिले. वेगवान झोत स्थिर हवेत शिरला म्हणजे दोहोंच्या सीमेवर भोवरे उठतात, एकमेकांत घुसतात, फुटतात. त्या झटापटीतून ध्वनी निघतो. ह्या ध्वनीची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे लाइटहिलने दाखविले. आठवा घात म्हणजे काय, ते कागदावर मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही. वेग दुप्पट करा, आवाजाची शक्ती २५६ पट होते.

आम्ही हा हिशेब प्रथम एका जुन्या वहीत मांडला तेव्हा विश्वास बसेना म्हणून दोनदा तपासला. समजा, दोन इंजिने आहेत. दोघांचा रेटा अगदी सारखा. पहिले थोडी हवा जोरात फेकते. दुसरे दुप्पट हवा निम्म्या वेगाने फेकते. रेटा म्हणजे हवेचे वजन गुणिले वेग, तेव्हा तो दोहोंचा तितकाच भरला. परंतु दुप्पट हवा निम्म्या वेगाने जावयाची तर झोताचे तोंड चौपट मोठे हवे. वेग निम्मा झाल्यामुळे आवाज २५६ वा हिस्सा, तोंड चौपट म्हणून त्याच्या चौपट: म्हणजे चौसष्टावा हिस्सा. जोर तोच, काम तेच, इंधनही कमी, आणि आवाज चौसष्टावा! कानाला मात्र तो चौसष्टावा वाटत नाही. आपला कान असा घडलेला आहे की त्याला तो तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका उतरल्यासारखा भासतो. तरीसुद्धा फरक थोडाथोडका नव्हे.

हे सूत्र छापून झाले तरी विमानांच्या आवाजात लागलीच फरक पडला असे नाही. तो पडू लागला १९५८ साली, न्यूयॉर्कच्या दारात. बोइंग ७०७ तयार झाले होते, कंपन्यांनी ते विकत घेतले होते, तिकिटे विकावयाची होती. विमानतळ चालविणाऱ्या पोर्ट ऑथॉरिटीने सांगितले की पूर्वीच्या पंख्याच्या मोठ्या विमानांनी शेजारच्या वस्तीला जेवढा त्रास होतो त्याहून जास्त त्रास जेटने देता कामा नये. एरवी परवानगी नाही. त्रास मोजावयाचा कसा, हा पुढचा प्रश्न. लिओ बेरानेक ह्यांच्या संस्थेने तो हाती घेतला. तेथील कार्ल क्रायटर ह्यांनी माणसे बसवून त्यांना दोन्ही जातींच्या विमानांचे आवाज ऐकविले. मापक यंत्रावर डेसिबेल सारखे दाखविले तरी माणसे जेटलाच जास्त त्रासदायक म्हणत, कारण त्याच्या आवाजात चढ्या सुरांचा भाग अधिक. तेव्हा यंत्राच्या मापाऐवजी माणसाच्या कानाला धरून नवे माप बसविले गेले आणि त्या मापाने ११२ ही मर्यादा ठरली. २६ ऑक्टोबर १९५८ रोजी पॅन अमेरिकनचे ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाले ते ही मर्यादा मान्य करून.

आम्हांला ह्या प्रकरणात इंजिनापेक्षा हे माप अधिक मोलाचे वाटते. कारखान्यांशी वाटाघाटी करताना आमचा नेहमीचा अनुभव असा की, "मोजून पाहिले, सगळे नियमात आहे," ह्या वाक्यापाशी बोलणे थांबते. न्यूयॉर्कला मोजणारांनी आपल्या यंत्रावर संशय घेतला आणि ज्यांना त्रास होतो त्यांना विचारले.

मर्यादा आल्याबरोबर झोताच्या तोंडाचे आकार बदलले. रोल्स-रॉइसमध्ये ग्रेट्रेक्स ह्यांनी गोल तोंडाऐवजी चुण्या पाडलेले, फुलाच्या पाकळ्यांसारखे तोंड काढले होते. अमेरिकेत प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांना अनेक नळ्यांचा जुडगा बसविला गेला. हेतू एकच: एका जाड झोताचे पुष्कळ बारीक झोत करावयाचे, म्हणजे बाहेरची हवा त्यांत लवकर मिसळते, मोठे भोवरे कमी होतात, आवाज चढ्या सुराचा निघतो आणि चढा सूर हवेत लवकर विरतो. थोडा रेटा वाया जाई; कंपन्यांनी तो निमूटपणे सोसला. तेव्हा तेच ७०७, पण एकाच्या मागे पाकळ्या, दुसऱ्याच्या मागे नळ्या. आवाज सारखा कसा येणार?

एअर इंडियाने १९६० साली जी ७०७ आणली त्यांना रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिने होती. बायपास पद्धतीचे, प्रवासी वाहतुकीत आलेले हे पहिले इंजिन. बायपास म्हणजे आत घेतलेल्या हवेपैकी काही हवा ज्वलनपात्रात न नेता बाजूने काढून मागे सोडावयाची. कॉनवेत हा हिस्सा साधारण पाव होता. पुढे १९६४ पासून त्याच कंपनीत जी ७०७ आली त्यांना प्रॅट अँड व्हिटनीची जेटी-३डी इंजिने होती. ह्यांत पुढे मोठा पंखा होता व निम्म्याहून अधिक हवा गाभ्याच्या बाहेरून जाई. लाइटहिलच्या सूत्राप्रमाणे ह्याची गर्जना उतरली. मामांच्या 'कॉनवेवाली' आणि 'प्रॅटवाली' ह्यांचा उलगडा येथवर अर्धा झाला.

उरलेला अर्धा कुर्ल्यात राहिल्यामुळे आम्हांला लवकर कळला. मुंबईत वारा बहुधा पश्चिमेचा. त्यामुळे पुष्कळशी विमाने पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरतात आणि जुहूच्या समुद्राकडे उडतात. जुहूच्या लोकांना उड्डाणाचा झोत ऐकू येतो. आम्हां कुर्लेकरांच्या वाट्याला उतरणारे विमान येते. त्या वेळी इंजिनाचा जोर कमी असतो, झोत मंद असतो आणि पुढच्या पात्यांची शीळ सरळ आपल्या अंगावर येते. गर्जना उतरली तेव्हा जुहूला बरे वाटले असेल. आमच्याकडे तिच्याखाली इतकी वर्षे दबलेली शीळ उघडी पडली. नव्या पंख्याच्या इंजिनांविरुद्ध जगभरच्या विमानतळांशेजारी जी तक्रार उठली ती हीच.

शीळ कशी होते? वाहत्या नदीत पुलाच्या खांबामागे पाणी मंदावते व गिरक्या घेते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. इंजिनात काही पाती फिरती असतात, काही स्थिर. जेटी-३डीत फिरत्या पंख्याच्या पुढे स्थिर पात्यांची एक रांग होती. प्रत्येक स्थिर पात्यामागे अशी मंद हवा पडे आणि फिरते पाते तिच्यातून जाताना दर वेळी हवेला एक टोला देई. पाती जितकी, फेरे जितके, तितके टोले. सेकंदाला ५० फेरे आणि ३६ पाती असतील तर १८०० टोले. कानाला तो १८०० कंपनांचा सूर ऐकू येतो. भोंग्याची घडण हीच असते.

येथे पात्यांची संख्या पुढे येते, आणि हा भाग आम्हांला सर्वांत चमत्कारिक वाटला. प्रॅट अँड व्हिटनीमधील जॉन टायलर व टॉमस सॉफ्रिन ह्या दोघांनी १९६२ साली जे संशोधन प्रसिद्ध केले त्याचा मथितार्थ असा. फिरती पाती २० आहेत आणि त्यांच्यामागे स्थिर पाती २१ आहेत असे धरा. फिरत्या पात्यांमागची मंद हवा स्थिर पात्यांवर एकदम आपटत नाही, एकीनंतर दुसरीवर आपटते. त्यामुळे दाबाचा जो फुगवटा तयार होतो तो नळीत गोल फिरू लागतो, आणि तो पंख्याच्या वीसपट वेगाने फिरतो. इतक्या वेगाचा दाब नळीत मावत नाही. शीळ होऊन बाहेर पडतो. आता स्थिर पाती २१ ऐवजी ४२ करा. एका फुगवट्याऐवजी बावीस फुगवट्यांचे कडे तयार होते व ते पंख्याहूनही किंचित हळू फिरते. पात्यांची टोके ध्वनीपेक्षा हळू फिरत असतील तर हे कडेही ध्वनीपेक्षा हळू फिरणार, आणि असा दाब नळीतच विरून जातो. रेटा तोच, पंखा तोच, फेरे तेच. स्थिर पाती मोजून दुपटीहून थोडी जास्त बसविली एवढाच फरक, आणि एक इंजिन शीळ घालते, दुसऱ्याचा मूळ सूर मुका होतो. ह्यानंतरच्या पिढीत पुढची स्थिर पाती काढून टाकण्यात आली, मागची पाती पंख्यापासून दूर सरकविली गेली आणि नळीला आतून ध्वनी शोषणारे अस्तर आले. ह्या बदलांना कायद्याचा रेटाही मिळाला: अमेरिकेचा आवाजविषयक नियम १९६९ चा, आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेचा १९७१ चा.

आमच्या पिढीने ऐकलेले सर्वांत सोपे उदाहरण एअरबस ए-३२० चे. हे विमान दोन कंपन्यांच्या इंजिनांसह मिळे. इंडियन एअरलाइन्सने १९८९ पासून जी आणली त्यांवर व्ही-२५०० इंजिने होती; दुसरा पर्याय सीएफएम-५६. दोघांचा रेटा जवळपास सारखा, पंख तेच, प्रवासी तितकेच. परंतु व्ही-२५०० च्या पंख्याला २२ रुंद पाती, तर ए-३२० वरच्या सीएफएमला ३६ अरुंद पाती. फेरे सारखे धरले तर दोन सुरांत जवळजवळ सा आणि धैवत ह्यांच्याइतके अंतर पडते. शिवाय व्ही-२५०० चे आवरण लांब. त्यात गाभ्याचा तापलेला झोत आणि पंख्याची थंड हवा आतच एकत्र होऊन एका तोंडाने बाहेर येतात. सीएफएमचे आवरण आखूड, दोन झोत वेगवेगळे बाहेर पडतात आणि बाहेर मिसळतात. २०१६ पासून आलेल्या नव्या ए-३२० वरही दोन पर्याय आहेतच, एकाला १८ पाती, दुसऱ्याला २०, आणि दुसऱ्यात पंखा व टर्बाइन ह्यांच्यामध्ये दाते असल्याने पंखा संथ फिरतो. कान असलेल्या माणसाला ही दोन्ही डोळे मिटून सांगता येतात.

इतका वेळ आपण निरनिराळ्या नमुन्यांविषयी बोलत आहोत. मामांचा खरा प्रश्न राहिलाच: एका नमुन्याची दोन इंजिने का वेगळी ऐकू येतात?

बोइंग ७४७ जानेवारी १९७० मध्ये प्रवासी वाहतुकीत आले. आपल्याकडे १९७१ साली. त्याच्या इंजिनात गाभ्याच्या सुमारे पाचपट हवा पंख्याने बाहेरून जाई. पंखा एवढा मोठा झाला की उड्डाणाच्या वेळी पात्यांची टोके ध्वनीपेक्षा वेगाने फिरू लागली. मग इंजिनाच्या पुढे, विमानाच्या पुढल्या भागात बसलेल्या प्रवाशांना एक नवाच आवाज ऐकू येऊ लागला. तो शीळही नव्हे, गर्जनाही नव्हे. वखारीत लाकूड कापणाऱ्या गोल करवतीसारखा खरखरीत. इंजिनियरांनीही त्याला करवतीचेच नाव दिले. गंमत अशी की हा आवाज पात्यांच्या हिशेबात बसेना. फेरे सेकंदाला ८० आणि पाती ३६ असतील तर सूर २८८० चा यावयास हवा. येथे ८०, १६०, २४०, ३२० असे ऐंशीच्या पटीतले सूर गर्दी करून येत होते. म्हणजे आवाज पात्यागणिक येत नव्हता, फेऱ्यागणिक येत होता.

कारण असे सापडले. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या प्रत्येक पात्याच्या टोकापुढे धक्क्याची एक लाट उभी राहते. सर्व पाती तंतोतंत सारखी असतील तर सर्व लाटा सारख्या, सर्वांमधले अंतर सारखे, आणि ऐकू येईल फक्त पात्यांचा सूर. परंतु तंतोतंत सारखी पाती जगात कोणी बनविलेली नाहीत. एखादे पाते आपल्या बैठकीत अंशाच्या लहानशा भागाने अधिक वळलेले असते. त्याची लाट किंचित जोरकस निघते. आणि अशा लाटेचा गुण असा की जी जोरकस ती जलद चालते. नळीतून पुढे जाताजाता ती पुढच्या दुबळ्या लाटेला गाठते, गिळते, आणखी जोरकस होते. डोळ्यांना न दिसणारा फरक नळीच्या तोंडाशी येईपर्यंत एवढा वाढतो की लाटांची रांग पार विस्कटते. ती विस्कटलेली रांग पुन्हा तशीच केव्हा येते? पंख्याचा एक पूर्ण फेरा झाल्यावर. म्हणून फेऱ्याचा सूर, म्हणून करवत. आणि पात्यांतले हे बारीक फरक प्रत्येक इंजिनात निराळे असल्यामुळे प्रत्येक इंजिनाची करवत निराळी. ड्रॉइंग एक असते, क्रमांक वेगळे असतात, आवाजही वेगळे.

हे वाचून झाल्यावर आम्ही मुद्दाम मामांकडे गेलो होतो. ते म्हणाले, पात्याच्या अंगावर त्याचा तोल कोरलेला असतो. जोडताना समोरासमोरची पाती तोलाने जुळवून बसवितात, पक्षी लागून एक पाते खराब झाले तर समोरचेही पाहावे लागते. "तोल जुळतो," ते म्हणाले, "पीळ कुठे जुळतो? दोन्ही एकदम जुळणे कठीण." आमच्या पुस्तकातले पान त्यांनी हाताने वळवून दाखविले. पाते घडविणारा कामगार, घासणारा कामगार, बसविणारा कामगार, ह्यांच्या हातांत जी तसूभर तफावत राहते, मोजपट्टीने जी माफ केलेली असते, ती हवा माफ करीत नाही.

इतर कारणे लहान आहेत. विमानाची दोन इंजिने अगदी थोड्या फरकाने फिरत असली तर तंबोऱ्याच्या न जुळलेल्या तारांप्रमाणे आवाज घुमतो व ओसरतो. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार असली की ध्वनी वाकून खाली येतो; रोजचेच विमान डोक्यावर आल्यासारखे वाटते. कधी तर इंजिनावर उगाच आळ येतो. जुन्या ए-३२० ची उतरतानाची एक लांब शीळ पंखाखालच्या दोन छिद्रांतून येते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा तो प्रकार. लुफ्थान्साने २०१४ पासून त्या छिद्रांपुढे लहानसे पत्रे बसविले आणि ती शीळ गेली.

आता एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. हे सर्व नियम कुंपणाबाहेरच्या शेजाऱ्यांसाठी झाले आणि ते योग्यच झाले. आवाजाचे प्रमाणपत्र विमानाच्या नमुन्याला मिळते, त्या नमुन्यातल्या एकेका इंजिनाला नव्हे. कुंपणाच्या आत मात्र माणसाची गाठ नमुन्याशी पडत नाही. समोर उभ्या असलेल्या इंजिनाशी पडते. ग्लासगोचे कानाचे डॉक्टर टॉमस बार ह्यांनी १८८६ सालीच शंभर बॉयलर-कामगारांचे कान तपासले होते. एकाचीही श्रवणशक्ती शाबूत नव्हती. आपल्याकडे आवाजाने येणारे बहिरेपण कारखाना कायद्यातील कळविण्यायोग्य रोगांच्या यादीत यावयास कायद्यात दुरुस्ती लागली.

१९९० नंतरची गोष्ट. एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये एकाच बनावटीचे चार प्रेस होते. तिसऱ्या प्रेसवरच्या कामगारांची कानांची तक्रार होती. साहेबांनी शेडच्या मध्यभागी मापक ठेवून एक आकडा काढला आणि तो नियमात बसतो म्हणून सांगितले. आम्ही म्हटले, तिसऱ्या प्रेसपाशी मोजा. "यंत्रे सारखीच आहेत, आवाज वेगळा कसा असेल?" हे त्यांचे उत्तर. आमच्यापाशी त्या वेळी जेट इंजिनांचे एवढे वाचन नव्हते, केवळ मामांचे वाक्य होते. तीन बैठका झाल्या, शेवटी प्रत्येक प्रेसपाशी कामगाराच्या कानाच्या उंचीवर मापक धरला गेला. चारही आकडे वेगळे आले, तिसरा सर्वांत वर आणि मर्यादेबाहेर. गार्ड सैल होता. तो आवळून खाली रबर घातले, आठवड्याभरात आवाज उतरला. त्या प्रेसवर अकरा वर्षे काढलेल्या दोघांचे कान मात्र परत आले नाहीत, आणि त्यांची भरपाई मिळविण्यात पुढची चार वर्षे गेली.

आवाजाने कान जातो तो सगळा एकदम जात नाही. प्रथम चढे सूर जातात, सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासचे. खालचा गडगडाट पुष्कळ वर्षे ऐकू येतो, त्यामुळे माणसाला आपले काही गेले हे कळतही नाही. मामा आज ऐंशीच्या पुढे आहेत. चाळीच्या जागी इमारत झाली, ते सातव्या मजल्यावर राहतात आणि गॅलरीत बसतात. त्यांच्या तरुणपणी चाचणीच्या खोलीजवळ कापसाचे बोळे कानात घालून काम करीत. त्या काळी सर्वत्र तसेच चाले. हे व्याख्यान लिहून झाल्यावर ते त्यांना वाचून दाखवावे म्हणून आम्ही गेलो होतो. मोठ्याने वाचावे लागले. २२ पाती आणि ३६ पाती ह्यांचा हिशेब त्यांना फार आवडला. इतक्यात एक ए-३२० डोक्यावरून उतरत गेले. आम्ही विचारले, "मामा, कोणते?" त्यांनी मान वर करून ते दिसेनासे होईपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "घरघर येते रे. बाकीचे तू सांग."